थंडी वाजते, हे सांगायची सोय

(नेवासा येथे ११ मार्चला भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



मला विषय दिला होता 'डॉ. आनंदीबाई जोशी'. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली, म्हणून मेळाव्याला आजचा दिवस धरला, हे चांगलंच केलं. पण नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांचं बाळ हातचं गेलं, मग डॉक्टर व्हायची जिद्द, समुद्रप्रवास, पदवी आणि बावीस पुरी व्हायच्या आत मरण, हे भाषण आपण शाळेपासून ऐकत आलोय. शेवटी डोळे पुसायचे आणि घरी जायचं. मी आज थंडीबद्दल बोलणार आहे. हसू नका. वर पत्रा तापलाय, पदरानं वारा घेत बसलोय आपण, आणि ही बाई थंडीचं काय घेऊन बसली, असं वाटेल. पण थोडं ऐका.

मी पस्तीस वर्षं आरोग्य खात्यात नर्स होते, बहुतेक सगळी याच तालुक्यात. त्यामुळे घरात दवाखान्याचा नाहीतर डॉक्टरकीचा विषय निघाला की लोक मला बोलावतात. गेल्या चार वर्षांत अशी तीन घरं झाली. मुलगी 'नीट' पास झालेली, पण इथल्या सरकारी कॉलेजात नंबर लागेल एवढे मार्क नाहीत आणि खाजगी कॉलेजची फी ऐकून बाप मटकन खाली बसलेला. मग कुणीतरी किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जियाचं नाव काढतं. तिन्ही घरांत पैशाचं बोलणं झालं, लग्नाचं वय निघून जाईल हे झालं, आणि शेवटी तिन्ही घरांत एकच वाक्य आलं: "पोरीच्या जातीला ती थंडी झेपायची नाही. ती आनंदीबाई नाही का गेली, थंडीनं क्षय होऊन?"

बाईच्या जातीला काय झेपतं आणि काय नाही, हे ठरवण्यात आपला तालुका कधीच मागे नव्हता. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना चढू द्यायला २०१६ साल उजाडावं लागलं. पण त्या तीन घरांपैकी एक घर माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, म्हणून ते वाक्य मला लागलं. त्याच घरातला मेव्हण्यांचा पुतण्या फौजेत आहे, दोन हिवाळे लेहला काढून आला. त्याच्या वेळी थंडी कुणाला आठवली नाही. पेढे वाटले.

म्हणून मी आनंदीबाईंचं पुन्हा वाचायला घेतलं. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलंय. १८८८ साली कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी लिहिलं. नंतर अनेकांनी शोध घेतला. वाचताना मी नर्सच्या नजरेनं वाचलं. काय खात होती, कुठं झोपत होती, ताप कधीपासून येत होता.

पहिली गोष्ट सापडली ती ही, की ती अमेरिकेला जायच्या आधीपासून आजारी होती. नवऱ्याच्या पोस्टातल्या नोकरीमुळे ती बंगालमध्ये होती. तिथं अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी धाप. रोझेल नावाच्या गावच्या थिओडिशिया कारपेंटर बाई तिला पत्र लिहायच्या. १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी या जोडप्याबद्दल एका मासिकात वाचलं होतं. त्यांनी अमेरिकेहून औषधं पाठवली, गुण आला नाही. हे सगळं कलकत्त्याच्या दमट उकाड्यात चाललेलं. आता मला सांगा, कुठली थंडी?

दुसरं, क्षय थंडीनं होत नाही. तो जंतूंनी होतो. रॉबर्ट कॉख यांनी ते मार्च १८८२ मध्ये जाहीर केलं, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या वर्षभर आधी. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते १९४३ मध्ये सापडलं. तोवर क्षय झालेला माणूस पुण्यात मरायचा आणि फिलाडेल्फियातही मरायचा. मी क्षयाच्या गोळ्या वाटल्यात त्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत, एप्रिलच्या उन्हात. कोंदट जागा, अर्धपोटी शरीर, उशिरा झालेलं निदान, या गोष्टी माणूस मारतात. थंडी त्यात भर घालते, नाही असं नाही. पण सगळं पाप तिच्या माथी मारलं की बाकीच्यांना हात झटकता येतात.

आणि थंडीनं बायका मरत असत्या, तर गुरुबाई करमरकर कशा राहिल्या? त्या त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८९२ साली डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि मुंबईत वर्षानुवर्षं रोगी तपासले. रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या, १८९४ ला डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला उभं आयुष्य काम केलं आणि १९५५ साली नव्वदी ओलांडून वारल्या. त्यांचं उदाहरण कुणी मुलीला परवानगी देताना काढत नाही.

आनंदीबाईंनी कॉलेज कसं निवडलं, ते जरा नीट बघण्यासारखं आहे. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात तिनं जाहीर भाषण केलं. इंग्रजीत. वय अठराही पुरं नव्हतं. लोकांच्या शंका तिनं एकेक करून घेतल्या: अमेरिकेलाच का, इथं सोय नाही का, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय. तिनं इथल्या सोयीची माहिती काढली होती. मद्रासला कॉलेज आहे, प्रांतोप्रांती सुईणपणाचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणारेच जुन्या मताचे, थोडे मत्सरीही आहेत, असं तिनं उघड सांगितलं. इथं रस्त्यानं जाताना लोक कसे टोचतात, तेही सांगितलं. कादंबिनी गांगुलींना कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचं दार १८८४ ला उघडलं. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्येच निघून गेल्या होत्या. एक वर्षाचा फरक, बघा.

अमेरिकेत पोचल्यावर तिनं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. १८५० साली फक्त बायकांना डॉक्टर करायला काढलेलं कॉलेज. डीन बाईच होत्या, रेचल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करत नाही, हे अर्जातच कबूल करून तिनं लिहिलं, की आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. १८८५ चा एक फोटो आहे: साडीतली आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या पोशाखात. निवड चुकली नव्हती. जिथं आपल्यासारख्या परक्या मुलींना घेतात, शिकवतात, पदवी देतात, अशी जागा तिनं हुडकली होती.

मग काय बिघडलं? तर राहायची खोली. तिथली शेकोटी नीट चालत नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की थंडी. दोन्हींतून एक निवडायचं. चुलीपुढं आयुष्य काढलेल्या आपल्याला धुराचं वेगळं सांगायला नको. ज्या पोरीला आधीच धाप लागते, तिची छाती त्या खोलीत काय होईल?

आणि साडी. नऊवारी काष्टा. आपल्या आज्या नेसायच्या, पोटऱ्या उघड्या, कंबर उघडी. मळ्यात कामाला यासारखं सोयीचं दुसरं काही नाही, पण बर्फात? आनंदीबाई निघतानाच सांगून गेली होती की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख बदलायचा नाही, मांसाहार करायचा नाही. आता पाय गारठतायत, काय करायचं? तिनं पुष्कळ विचार केला आणि गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागली. म्हणजे पाय झाकतात, कंबर झाकते, आत परकर घालता येतो. साडीच, पण थंडीला जमवून घेतलेली. किती शहाणपणाचा तोडगा! आणि हे तिनं नवऱ्याला लगेच कळवलं नाही.

मी इथं थांबले होते वाचताना. पायाला थंडी वाजते म्हणून साडी वेगळी नेसली, एवढं कळवायला ती कचरली. का? गोपाळरावांनी तिला शिकवलं, हे खरं. त्याबद्दल सिनेमे निघाले. पण दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, नंतर खुर्च्या-पुस्तकं फेकून मारली, टाकून देण्याच्या धमक्या दिल्या, हे तिनंच नवऱ्याला पत्रात लिहिलंय. शिकायची परवानगी तिला उपकार म्हणून मिळाली होती. आणि उपकार म्हणून मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करता येत नाही. 'मला थंडी वाजते' म्हटलं की 'मग गेलीस कशाला' हे ठरलेलं असतं. सातासमुद्रापलीकडं पत्र पोचायला आठवडे लागायचे, तरी तिला धाक होता.

आता माझ्या भाचीचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे. तिची आई, माझी बहीण, आज इथंच बसली आहे, तिलाही विचारलंय.

ती २०२२ च्या पावसाळ्यानंतर किर्गिझस्तानात, बिश्केकला गेली. सातबारावर कर्जाचा बोजा चढला. निघताना मेव्हणे म्हणाले, "सहन झालं नाही तर बिनधास्त परत ये. पण मग पुढं शिक्षणाचं नाव काढायचं नाही." त्यांना वाटलं आपण आधार देतोय. पोरीनं त्यातलं दुसरं वाक्य तेवढं बरोबर नेलं.

घर माळकरी. तीन पिढ्या आळंदी-पंढरी. पोरीच्या गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ, घरात कांदा-लसूण एकादशीला नाही, अंड्याचा तर विषयच नाही. तिकडं गेल्यावर ऑक्टोबरात तिला पहिल्यांदा कळलं की इमारती गरम करायची व्यवस्था सरकारी असते आणि ती ठरलेल्या तारखेलाच सुरू होते. तोवर खोलीत कुडकुडायचं. इथून नेलेले सुती मोजे ओले झाले की वाळत नव्हते. आतले कपडे खोलीतल्या गरम पायपांवर वाळत टाकायचे, तर आमच्याकडे ते साडीखाली लपवून वाळवायची सवय. चौघींच्या खोलीत उघड्यावर टाकायला तिला दोन महिने लाज वाटत होती, ती ओलेच घालायची. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, मी सांगायला नको. व्हिडिओवर आईबापाशी बोलायच्या आधी ती जाड जाकीट चढवायची, केस विंचरायची आणि म्हणायची, "सगळं मस्त आहे, बर्फ बघा किती छान."

जानेवारीत एकदा रात्री माझ्याशी बोलताना ती खोकली. मी पस्तीस वर्षं खोकले ऐकलेत. म्हटलं, "किती दिवस झाले?" तर म्हणाली, "चारच." मी गप्प बसले. मग म्हणाली, "मावशी, तीन आठवडे." मग रडायला लागली. दोन आठवड्यांवर खोकला असला की थुंकी तपासायची, हे आम्ही गावोगाव ओरडून सांगतो, आणि माझ्याच घरातली डॉक्टर होणारी पोरगी ते दडवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तपासणी करायला लावली. छातीत संसर्ग निघाला, क्षय नव्हता. औषधांनी बरी झाली.

त्या रात्री तिनं आणखी एक सांगितलं. डिसेंबरपासून ती रोज एक अंडं खात होती. तिथं भाजी महाग, डाळ मिळायची ती शिजेना, वजन उतरलेलं. आणि अंडं खाल्लं त्या दिवशी तिनं गळ्यातली माळ काढून डब्यात ठेवली होती. "आईला सांगू नको, मावशी." मी सांगितलं नाही. दोन वर्षं.

इथं मी माझी चूक सांगते. मला वाटत होतं, मी तिला सांभाळून घेतेय. आनंदीबाईही कारपेंटर बाईंना मावशीच म्हणायच्या. प्रत्येक पोरीला अशी एक मावशी लागते, हे खरं. पण मी तिला गुपित ठेवायला मदत करत होते, घरात मोकळं बोलता येईल असं काही करत नव्हते. मीसुद्धा १९८३ साली नगरला नर्सिंगला असताना कावीळ झाली ती आईपासून दडवली होती. कळलं तर घरी नेतील आणि लग्न लावतील, ही भीती. डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून दिवाळीला घरी गेले नाही. चाळीस वर्षांनी मी पुढच्या पिढीला तेच शिकवत होते.

मग २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. पोरी खोल्यांना कड्या लावून बसल्या होत्या. तेव्हाही तिनं घरी फोन करायच्या आधी मला केला. आईबापांना टीव्हीवर कळलं. माझी बहीण त्या रात्री मला म्हणाली, "तुला आधी कळतं, मला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

भाची मागच्या महिन्यात म्हणाली, मावशी, आता तूच सांग. मी बहिणीच्या घरी गेले आणि अंड्याचं, माळेचं, खोकल्याचं सगळं सांगितलं. बहीण बराच वेळ गव्हातले खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं का?" थोड्या वेळानं विचारलं, "माळ डब्यात नीट ठेवलीय ना?" त्याच रात्री तिनं पोरीला फोन लावला. मेव्हणे मात्र अजून यावर बोलत नाहीत. पोरगी चौथ्या वर्षाला आहे, अभ्यास ठीक चाललाय, अंडं खाते. बापाशी बोलणं तब्येत आणि पैशापुरतं. हे मिटेल की नाही, मला सांगता येणार नाही. माळ आणि अंडं यांत कोणतं बरोबर, हेही मी सांगणार नाही, मी स्वतः वारी करते. निर्णय तिचा होता आणि तिला तो चोरून घ्यावा लागला, एवढंच माझं दुखणं आहे.

आता ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. एजंट तुम्हाला इमारतीचे फोटो दाखवील. फोटोवर जाऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे बाहेरचं शिक्षण निदान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजी माध्यमातलं लागतं, त्यावर तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप, इथं येऊन परवान्याची परीक्षा आणि पुन्हा इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक जरी बसत नसेल तर पदवीचा कागद घरात लावायला उरतो. 'नीट' पास असणं बाहेर जायलाही सक्तीचं आहे. वर्गात इंग्रजी असली तरी वॉर्डातला रोगी त्याच्याच भाषेत कण्हतो, ती भाषा शिकावी लागते. आणि त्या कॉलेजात आत्ता शिकणाऱ्या मुलीशी बोला. मुलाशी नाही, मुलीशी, आणि एजंट शेजारी नसताना. तिला विचारा, खोली गरम कधी होते, आतले कपडे कुठं वाळत टाकता, पाळीत सुट्टी मागता येते का, रात्री आजारी पडलं तर कुणाला उठवता. या प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात नसतात.

कपड्यांचं फार कठीण नाही. अंगालगत सुती नको, ते घाम धरून ठेवतं. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ बरे. बूट तिथंच घ्यावेत. याला फार तर आठवडा लागतो शिकायला.

आणि बोलणी चालू असतील तेव्हा पोरीला बाहेर चहा करायला पाठवू नका. तिच्यासमोर बापाकडून हे वदवून घ्या, की परत यावंसं वाटलं तर परत ये, आणि आल्यावर पुढं काय शिकायचं ते आपण पुन्हा ठरवू. मी मेव्हण्यांकडून हे त्या वेळी वदवून घेतलं नाही. बाकीच्या दोन घरांत घेतलं. त्यातली एक मुलगी पहिल्या हिवाळ्यातच परत आली. ती आता नगरला बी.एस्सी. करते. तिच्या आईला गावात टोमणे बसतात. ती आईही आज आली आहे, मागच्या रांगेत आहे. तिला बोलायचंय, पण माईकची सवय नाही. माईक तिच्याकडं द्या, आणि बाकीच्या जरा पुढं सरका.